आज कोरड्यास काय?



दिवेलागणीच्या वेळेला आपल्या भागात घरोघर एक प्रश्न ऐकू येतो : "आज कोरड्यास काय?" शेतातून आलेला गडी पाय धुता धुता विचारतो, शाळेतून आलेले पोर दप्तर टाकता टाकता विचारते. राणीसावरगावच्या गल्लीत हाच प्रश्न, गंगाखेडच्या पेठेत हाच आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडीवरही हाच. पुण्या-मुंबईचा पाहुणा हा शब्द ऐकून बुचकळ्यात पडतो. कोरड्यास म्हणजे भाकरीशी लावून खायचे ते. मग ते पातळ असो की घट्ट, वरण असो की भाजी. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून जे करायचे ते कोरड्यास.

या प्रश्नात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. भाकरी आहे का, असे कोणी विचारत नाही. भाकरी असणारच हे धरून चालायचे आणि विचार फक्त तिच्या सोबत्याचा करायचा, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. आमचे आजचे सांगणे त्या सोबत्याबद्दल थोडे आणि भाकरीबद्दल जास्त आहे. कारण काही वर्षांपासून ही धरून चाललेली भाकरीच आपल्या हातून निसटते आहे. आणि ती गरिबीमुळे निसटत नाही. आपले बरे चालले, हातात पैसा खेळू लागला, तेव्हापासून निसटते आहे. हे ऐकायला जरा उलटे वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

चुलीवर काय काय आहे

आधी आजच्या रात्रीचेच बघू. भाद्रपद चालू आहे. मूग घरात आला आहे. रानात आंबाडी, तांदुळजा, कुर्डू ही भाजी फुकटची आहे. कुणाच्या घरी ज्वारीच्या कण्या घालून आंबाडीची भाजी होईल आणि तिच्यावर लसणाची चरचरीत फोडणी पडेल. कुणाकडे नव्या मुगाचे वरण असेल, कुणाकडे शेंगदाण्याचा कूट लावून दोडका. ज्या घरच्या बाया दिवसभर खुरपून आल्या त्या घरी बेसन. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला पिठलं म्हणतात त्यालाच आपल्याकडे बेसन म्हणायचे. फोडणीत पाणी, पाण्याला उकळी, वरून डाळीचे पीठ, की झाले. आणि पाहुणा अवेळी टपकला तर येसर आहेच. धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळून ठेवलेले हे पीठ म्हणजे मराठवाड्याच्या बाईची ठेव आहे. घरात माळवं नसले तरी येसराच्या आमटीवर चार माणसे समाधानाने उठतात.

हे झाले रोजचे. पण प्रत्येक माणसाचे एक जीव निवणारे अन्न असते. सणावाराला खातो ते नव्हे. सणाचे अन्न चारचौघांत मिरवायचे असते. जीव निवणारे अन्न माणूस थकला, आजारला, दुखावला किंवा फार दिवसांनी घरी आला की मागतो. ताप उतरलेल्या माणसाला विचारा, तो ताकातल्या कण्या मागेल. पावसाने रपरप लावली, बाहेर पडायची सोय नाही, अशा दिवशी वरणफळं. कणकेचे तुकडे वरणात शिजले की वेगळी भाकरी नको आणि वेगळे कोरड्यासही नको. थंडीत हुलग्याचे शेंगोळे. उन्हाळ्यात कामावरून आल्यावर गाडग्यातली गार आंबील. लांबच्या प्रवासाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दात पडलेल्या म्हाताऱ्याला आणि दात न आलेल्या लेकराला एकच ताट चालते, ते म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी. पुण्याला शिकायला किंवा कंपनीत कामाला गेलेला आपला पोरगा दिवाळीला घरी येतो तेव्हा पहिल्या रात्री काय मागतो, हे प्रत्येक आईला माहीत आहे. बेसन-भाकरी, कांदा आणि ठेचा. तिथे त्याला काय मिळत नाही? सगळे मिळते. पण जे मिळते त्याने पोट भरते, जीव भरत नाही.

आपण सारे साखर तयार करणाऱ्या संस्थेचे मालक. पण गंमत बघा. थकलेला माणूस गोड मागत नाही. फार तर भाकरी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा मागेल, आणि त्यातही पाया भाकरीचाच. वर सांगितलेल्या पदार्थांची मोजदाद केली तर कण्या, आंबील, धपाटे, दूध-भाकरी, मलिदा, बेसन-भाकरी, हे सगळे ज्वारीवर उभे आहेत. ज्वारी काढून घेतली तर आपल्या भागातल्या माणसाला जीव निवायला काय उरते, हा आमचा प्रश्न आहे.

ज्वारी गेली कशी

ज्वारी एका दिवसात गेली नाही. ती टप्प्याटप्प्याने गेली. प्रत्येक टप्प्याला कारण होते आणि ते त्या वेळी खरेही होते.

आपला तालुका संत जनाबाईचा. गंगाखेड हे तिचे जन्मगाव. जनाबाई म्हटले की डोळ्यापुढे जाते येते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे जाते आजही दाखवतात. देव तिच्याबरोबर दळायला बसला, या गोष्टीतच आपल्या भागाचे अन्न काय आणि त्यासाठी बाईला कष्ट किती, हे दोन्ही येऊन जाते. त्या जात्यात पिढ्यान् पिढ्या ज्वारी पडत आली. कणगीत, पेवात वर्षाची ज्वारी असली की घर निर्धास्त. सालगड्याचा मोबदला आणि बलुतेदाराचे बलुते ज्वारीतच मोजले जाई.

मग १९६४ साली सी. एस. एच.-१ ही संकरित ज्वारी आली. आपण तिला नुसते 'हायब्रीड' म्हटले. उतारा दुपटी-तिपटीने, पण दाणा भरताना पाऊस लागला की काळा पडायचा. भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही. त्या वेळी देशाला धान्य हवे होते, म्हणून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्वारी म्हणजे हलके, गरिबाचे धान्य, हा समज तिच्यापासून पक्का होत गेला.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची आणि संध्याकाळी सुकडी घेऊन घरी यायचे. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो आला. मिलो म्हणजे ज्वारीचीच जात, पण त्या भाकरीची चव विचारली तर म्हातारी माणसे अजून तोंड वाकडे करतात. तरी तिने जीव जगवले, हे विसरता येत नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्याची मुळे त्या खडीच्या ढिगात आहेत. त्या पिढीच्या मनात एक गोष्ट मात्र कायमची बसली : कोरडवाहूच्या भरवशावर राहायचे नाही. पाणी पाहिजे.

पाणी आले. जायकवाडीचे लोकार्पण १९७६ साली झाले आणि कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात फिरले. विहिरी खोल गेल्या, बोअर पडले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, त्या वाटेने आपण उशिरा का होईना निघालो. जिथे पाणी पोहोचले नाही तिथे पुढे सोयाबीन आले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हातात आणि अडत्याकडे रोकड. खरिपातली ज्वारी सोयाबीनने नेली, रब्बीतली उसाने आणि हरभऱ्याने. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून जास्त रानावर ज्वारी होती. आज त्यातले थोडेच राहिले आहे.

आणि शेवटचा टप्पा रेशनचा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. उपाशी कोणी झोपू नये, हे या कायद्याने पुष्कळ अंशी साधले, त्याबद्दल दुमत नाही. पण पोत्यात असतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. फुकट गहू घरात असताना विकतची ज्वारी कोण आणणार? म्हणून ज्या घरात गव्हाची पोळी सणाला व्हायची तिथे ती रोज होते, आणि ज्या घरात भाकरी रोज व्हायची तिथे ती कधी तरी होते.

उसाचा पैसा आणि ताटातली भाकरी

आता जरा आपल्या घरचा हिशेब करू. पाच माणसांचे घर धरा. दोन वेळ भाकरी करायची तर दिवसाला दीड किलो पीठ लागते. वर्षाची साडेपाच क्विंटल ज्वारी झाली. काळ्या कसदार रानात रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल होते, एखादे पाणी मिळाले तर त्याहून बरी. म्हणजे वर्षाच्या भाकरीला एक एकर, फार तर दीड एकर रान लागते. एवढेच.

ज्या सभासदाचा चार-पाच एकर ऊस गाळपाला येतो त्याच्याही घरी ज्वारी आज किराणा दुकानातून दहा-दहा किलोने येते. अलीकडच्या वर्षांत चांगल्या शाळू ज्वारीचा भाव गव्हाच्या पुढे गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला. टनाने विकायचे आणि किलोने आणायचे, हा उलटा व्यवहार आपल्याच उंबऱ्यात चालला आहे. बरे, पैसे देऊन आणलेली ज्वारी कुठली, कोणत्या साली निघालेली, कसले औषध मारलेली, हे कळायला मार्ग नाही. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते. मग घरातली सून म्हणते, "आजपासून पोळ्याच करते." तिचे तरी काय चुकले?

कोणी म्हणेल, एका एकरात उसाचे पैसे किती आणि ज्वारीचे किती? हा प्रश्न रास्त आहे. नुसत्या पैशाने मोजले तर पाण्याखालच्या एकरात ज्वारी उसाशी बरोबरी करणार नाही. ज्वारी उसापेक्षा जास्त पैसे देते असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. आम्हीही तसे सांगत नाही. पण उसाच्या हिशेबात न येणाऱ्या काही गोष्टी ज्वारी देते. पहिली म्हणजे कडबा. आपण दावणीला वाढे टाकतो, पण वाढ्यात ऑक्झलेट असते आणि नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवले तर त्याच्या अंगातला चुना कमी होतो, हे पशुवैद्य सांगतात. ज्वारीचा कडबा दुधाला आणि बैलाला मानवतो. दुसरी गोष्ट पाण्याची. ऊस बारमाही पाणी पितो. रब्बी ज्वारी हस्ताच्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येते. ज्या वर्षी विहीर माघ महिन्यात तळ गाठते त्या वर्षी ऊस जळतो, पण भाकरी घरात आलेली असते. तिसरी गोष्ट जमिनीची. उसावर ऊस, खोडव्यावर खोडवा घेऊन रान दमते, हे शेतकी खात्याच्या माणसाने सांगायची गरज नाही. टनेज आपल्याला दरवर्षी ते सांगते आहे.

म्हणून आमचे म्हणणे ऊस काढून टाका असे नाही. खोडवा मोडला की तो तुकडा लगेच पुन्हा उसाला देऊ नका. एक साल त्याला पालट द्या. खरिपात मूग घ्या आणि मुगावर रब्बी ज्वारी. मूग-ज्वारी ही मराठवाड्याची जुनी जोडी आहे. मुगाने जमिनीला बेवड मिळतो आणि वरणही घरचे होते. ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी टाका. करडईच्या काट्याने ढोर आत शिरत नाही आणि घाण्यावरचे तेल घरात येते. आपल्या भागाचे खाण्याचे तेल एके काळी करडईचेच होते. आज पिशवीतले कुठले तेल आपण भाजीत ओततो, हे पिशवी उलटी करून वाचावे लागते.

बियाण्याची अडचण नाही. मोहोळची मालदांडी ३५-१ आज कित्येक दशके टिकून आहे ती भाकरीच्या चवीमुळेच. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, ते आपल्यापासून दूर नाही. तिथून रब्बीसाठी परभणी मोती, परभणी ज्योती अशा जाती निघाल्या. करडईत परभणी कुसुम आहे. लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ही ज्वारीही त्यांनीच काढली, ती खरिपाची आहे. एवढे विद्यापीठ जिल्ह्यात असून आपण दुकानदार देईल ती पिशवी आणतो.

अडचणी खऱ्या आहेत

आता दुसरी बाजू. ज्वारी सोडणारे शेतकरी काही वेडे नव्हते. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत.

पहिली अडचण पाखरांची. सगळ्या शिवारात ज्वारी होती तेव्हा पाखरे वाटली जायची. आता चोहीकडे ऊस, आणि मध्ये एकाच बहाद्दराची एकरभर ज्वारी. पंचक्रोशीतली पाखरे तिच्यावरच उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर बसायला घरात पोर नाही, ते शाळेत आहे आणि तिथेच असायला पाहिजे. त्यात रानडुक्कर. उसात त्याला लपायला जागा झाली आणि रात्री ते ज्वारीत शिरते. दुसरी अडचण काढणीची. ज्वारी उपटायला आणि कणसे खुडायला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरीत अर्धे पीक जाते.

या दोन्ही अडचणींना एकट्याच्या बांधावर उत्तर नाही. पण आपण सहकारी संस्थेचे सभासद आहोत, ते कशासाठी? दहा सभासदांनी एकमेकांना लागून एक-एक एकर पेरली तर ती दहा एकर होते. पाखरांचे नुकसान दहा जागी वाटले जाते, राखणीला पाळीपाळीने माणूस ठेवता येतो, डुकरासाठी कुंपण एकत्र करता येते, मळणी यंत्र एकाच दिवशी बोलावता येते. आपल्याकडे पूर्वी इर्जिक होती. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे, आणि ज्याचे काम त्याने त्या दिवशी जेवण द्यायचे. त्या जेवणाची चव आठवणारी माणसे अजून गावात आहेत. पैसे न देता काम व्हायचे आणि दहा घरांचे मन एक राहायचे. कारखाना काढताना आपण शेअर गोळा केले, ते याच हिशेबाने. एकट्याला जमत नाही ते दहा जणांना जमते, एवढाच सहकाराचा अर्थ. तो उसापुरताच का ठेवायचा?

आपल्या दक्षिणेला लातूर जिल्ह्यात येळवस होते. मार्गशीर्ष अमावास्येला सगळे गाव रानात जाते, ज्वारीच्या कडब्याची कोप करतात, भज्जी आणि आंबिलीचे जेवण होते. तिकडेही ऊस आणि सोयाबीन वाढले. शेतात ज्वारीच नसेल तर कोप कशाची करायची आणि आंबील कशाची? पीक जाते तेव्हा एकटे जात नाही.

भाकरी थापणारे हात

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे आणि तिच्याबद्दल पुरुष मंडळी बोलत नाहीत. भाकरीचे गुणगान करणारे आपण. भाकरी थापणार कोण? ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही. एक-एक भाकरीचे पीठ काठवटीत वेगळे मळायचे, थापायचे, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचे, उलटायची आणि आरावर फुगवायची. पाच माणसांच्या घरात एका वेळेला दहा-बारा भाकऱ्या. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईने रात्री चुलीपुढे तासभर असे बसायचे आणि आपण ओसरीवर बसून म्हणायचे, "चुलीवरच्या भाकरीसारखं काही नाही." अशा बोलण्याने भाकरी टिकणार नाही. सुना-लेकी पोळीकडे, पाव-बिस्किटाकडे, पाकिटातल्या शेवयांकडे वळल्या याचे कारण आळस नाही. त्यांनी आपल्या सासूचे गुडघे आणि डोळे पाहिले आहेत.

आणखी एक. रात्री सर्वांच्या शेवटी ताट घेऊन कोण बसते? जिने केले ती. तिच्या वाट्याला शेवटची भाकरी आणि पातेल्याच्या तळाचे कोरड्यास येते. कधी तेही येत नाही, मग चटणी-भाकरी. "आज कोरड्यास काय" हा प्रश्न तिला सगळे विचारतात, पण "तुला उरलं का?" हे किती घरांत विचारले जाते? सभासद बंधूंनी आजच रात्री जेवून उठण्यापूर्वी पातेल्यात डोकावून पाहावे. याला ठराव लागत नाही, सर्वसाधारण सभाही लागत नाही.

भाकरी टिकवायची तर तिचा भार वाटला पाहिजे. गॅस आला, तो भाकरीसाठीही वापरू द्या. आरावरची चव थोडी कमी झाली तरी चालेल, डोळे शाबूत राहतील. पीठ आठवड्याला ताजे दळून आणायचे काम गड्याने करावे. ताज्या पिठाची भाकरी निम्म्या त्रासात होते. सोलापूरकडे महिलांच्या गटांनी कडक भाकरीचा धंदा उभा केला आणि ती भाकरी आता लांबच्या शहरात विकली जाते. आपल्या बचत गटांनी तो का करू नये? संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. सरकारने ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' नाव दिले. शहरातले डॉक्टर मधुमेहाच्या माणसाला भाकरी खा म्हणतात आणि शहरातली हॉटेले एका भाकरीचे चांगले पैसे घेतात. ज्या वेळी शहर भाकरीकडे वळते आहे, त्याच वेळी आपण तिच्याकडे पाठ करतो आहोत.

कोपीवरचे रात्रीचे जेवण

दसरा-दिवाळी झाली की आपल्याच डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतील. काही दूरच्या कारखान्यांना जातील. तशीच दुसऱ्या गावची कुटुंबे आपल्या फडात येतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातली बायको पहाटे तीन-चारला उठते, दिवसभराच्या भाकरी करून फडक्यात बांधते, उजाडायच्या आत फडात पोहोचते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. गाडी रात्री दहाला आली तर दहाला भरायची. त्यानंतर कोपीवर येऊन पुन्हा चूल. वाढे विकून जे चार पैसे सुटतात त्यातून मिठा-मिरचीचे भागते. त्या कोपीत कोरड्यास बहुतेक वेळा बेसन नाही तर मिरचीचा ठेचा, आणि भाकरीचे पीठ गावाहून आणलेल्या ज्वारीचे किंवा बाजरीचे, जोवर पोते पुरते तोवर.

आपल्या प्रत्येक टन उसामागे ही भाकरी आहे. आपल्या ताटातल्या भाकरीचा विचार करताना ती वगळता येणार नाही. कोपींच्या तळावर पिण्याच्या पाण्याची टाकी, दिव्याची सोय आणि पिठाची एक छोटी गिरणी एवढे जरी प्रत्येक हंगामात वेळेवर झाले, तरी त्या बाईचा रात्रीचा एक तास वाचेल. संचालक मंडळाने याचा विचार करावा आणि सभासदांनी तो विषय वार्षिक सभेत लावून धरावा. तो खर्च फार मोठा नाही.

आमची सूचना

येत्या हस्तात पेरणी आहे, म्हणजे हातात तीन-चार आठवडे आहेत. ज्यांचा खोडवा यंदा मोडला आहे अशा सभासदांनी आपापल्या शिवारात लागून रान असलेले चार-सहा-दहा जण गाठावेत आणि घरटी एक एकर ज्वारीचे ठरवावे. गट कार्यालयात नावे दिली तर बियाणे एकत्र आणता येईल आणि विद्यापीठातल्या जाणकारांना एकदा बोलावता येईल. ज्यांना एक एकर जमत नाही त्यांनी वीस गुंठे करावे. निम्म्या वर्षाची भाकरी तरी घरची होईल. माघात काढणी होईल तेव्हा इर्जिक घालू. जेवण मात्र त्या दिवशी गड्यांनी रांधायचे, असा एक नियम आम्ही सुचवतो. बेसन कोणालाही जमते.

कारखाना सभासदाला सवलतीची साखर देतो, दिवाळी गोड करतो. पण वर्षाच्या उरलेल्या रात्रींची भाकरी कारखाना देऊ शकत नाही, सरकारही देऊ शकत नाही. ती आपल्या रानाने द्यायची आहे, आणि रानाला ती द्यायची संधी आपण ठेवायची आहे. पटले तर नाव द्या. नाही पटले तर का नाही पटले, ते कळवा. पुढच्या अंकात त्यालाही जागा देऊ.